पाणी नितळ, मासे गायब

कांदिवलीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये टीव्हीशेजारी दोन बाय एक बाय एक फुटाची माशांची टाकी आहे. गेल्या वर्षी तिच्यात कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून आणलेले चार गोल्डफिश होते. आता दोन आहेत. गेलेल्या दोघांचा खुनी मीच. आणि हत्यार काय, तर स्वच्छता!

आठवडाभर ऑफिस, त्यामुळे रविवारी सफाई मोहीम. सगळं पाणी उपसायचं, खडे घासायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पार कोरा होईपर्यंत पिळायचा. टाकी अशी चकाचक की पाहुणे विचारायचे, "आत पाणी आहे ना?" मंगळवारी तेच पाणी दुधाळ. मग पुढच्या रविवारी मी आणखी जोरात घासायचो. आई म्हणायची, "अरे, जरा सुखाने जगू दे त्यांना." ऐकतो कोण!

तर मंडळी, माझं मत असं की नितळ पाणी आणि चांगलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो विषारी, पण दिसत नाही. स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरिन तिचा फडशा पाडतं. म्हणजे मी दर रविवारी चालू सर्व्हर फॉरमॅट करत होतो आणि साइट का पडली म्हणून डोकं खाजवत होतो!

दुसरी गोष्ट प्रवाहाची. टाकीत साधारण ५० लिटर पाणी. ते तासाला चार-पाच वेळा तरी फिल्टरमधून जायला हवं, म्हणजे २००-२५० लिटर. गोल्डफिश घाण जास्त करतात, तेव्हा थोडं जास्तच. खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, स्पंज तुंबला की तो आकडा घसरतो. पाण्याचा वरचा थर हलता हवा, कारण प्राणवायू माशांना लागतो तसा त्या जिवाणूंनाही लागतो. आणि शोभेच्या किल्ल्यामागे पाणी साचून राहत असेल, तर किल्ला काढा.

आता मी आठवड्याला फक्त पाव टाकी पाणी बदलतो, तेही अँटिक्लोरिन घालून. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळतो. खाणं चिमूटभर. गंमत म्हणजे आता पाणी मंगळवारीही नितळ असतं!

खरं तर दोन गोल्डफिशनाही ही टाकी लहानच आहे. मोठी घ्यायचीय, जागेचं गणित जमलं की. पण काचेचा गोल बाऊल, फिल्टरशिवाय? तो दुकानात विकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. आज रविवार आहे, हात शिवशिवताहेत. पण स्पंजची पाळी अजून दोन आठवड्यांनी.