दुसऱ्याच्या बाबांची सायकल

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी आइंडहोवनहून ट्रेन पकडली, पाऊण तासावरच्या एका गावात उतरलो आणि एका अनोळखी आजोबांच्या गॅरेजमधून १४० युरोंना जुनी रेसिंग सायकल उचलून आणली. लाल-काळा-पिवळा रंग, खाली वळलेलं हँडल, गिअरच्या दोन इवल्या दांड्या तिरक्या नळीवर आणि त्याच नळीवर मोठ्या अक्षरांत 'टीआय-रॅले'. परतीच्या ट्रेनमध्ये बसायला भरपूर जागा होती, तरी मी तिच्याशेजारी उभाच राहिलो. बघत. एवढं कौतुक मी माझ्या बी.ई.च्या सर्टिफिकेटचंही केलं नव्हतं.

आता हे खूळ कुठून आलं ते सांगतो. १९८० साली योप झूटेमेल्क नावाच्या डच सायकलपटूने टीआय-रॅलेच्या टीमकडून, याच रंगांत, टूर दे फ्रान्स जिंकली. (आडनावाचा शब्दशः अर्थ 'गोड दूध'. इथल्या लोकांना त्यात काही गंमत वाटत नाही, मला अजून वाटते.) त्याआधी हा माणूस पाच वेळा दुसरा आला होता. पाच वेळा! आणि पुढे १९८५ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो जगज्जेता झाला. इंजिनीअरिंगला कायम दोन-चार मार्कांनी काहीतरी हुकलेल्या माणसाला असला हिरो आवडणारच. रात्री जेवण झालं की मी त्या काळच्या धुरकट फिल्म्स बघत बसायचो. हेल्मेट नाही, कानाला वायरलेस नाही, बारीक स्टीलच्या नळ्यांच्या सायकली, आणि चालत्या सायकलवरून खाली हात घालून गिअर टाकणारी माणसं.

पण मंडळी, मुद्दा असा की ती टीम १९८३ मध्ये बंद झाली. मी जन्मलो १९९७ ला, चिंचवडात. म्हणजे याला स्मरणरंजन म्हणावं, तर यातलं स्मरण माझं नाहीच. कुणाच्या तरी लहानपणी त्याच्या बाबांच्या गॅरेजात जी सायकल टांगलेली असेल, तिच्यासाठी मी इथे हळवा होतोय. रंजन तेवढं माझं, आणि पैसेही माझेच!

आणि या उसन्या हळवेपणाला बाजारात चांगला भाव आहे. इथल्या जुन्या वस्तूंच्या साइटवर तासन्‌तास घालवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. जाहिरातीत 'जुनी रेसिंग सायकल' लिहिलं की एक भाव, 'विंटेज' लिहिलं की दीडपट, आणि 'एरोइका' हा शब्द घातला की विचारूच नका. एरोइका म्हणजे इटलीत टस्कनीमध्ये १९९७ पासून भरणारी जुन्या सायकलींची राइड. तिथल्या मातीच्या पांढऱ्या रस्त्यांवरून १९८७ पूर्वीच्याच सायकली न्यायच्या. गिअर नळीवर हवेत, ब्रेकच्या वायरी हँडलवरून उघड्या लोंबत्या हव्यात वगैरे नियम. कल्पना झकासच आहे. पण त्यामुळे झालंय असं, की 'एरोइका चालेल' एवढ्या दोन शब्दांवर लोक कसलाही सांगाडा विकायला काढतात.

माझं स्पष्ट मत आहे की जुनी स्टीलची सायकल जरूर घ्यावी, पण चालवायला घ्यावी आणि चालवायच्या सायकलीचेच पैसे द्यावेत. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायला घेणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. (बोलतोच. एका कलीगने सुंदर बियांकी घेऊन सोफ्याच्या वर टांगली आहे. तिच्या टायरात हवासुद्धा नाही. त्या घरी गेलो की मला पिंजऱ्यातला पोपट बघितल्यासारखं होतं.)

चालवायला घ्यायची तर बघायचं काय? हे मी सगळं वाचून, टिपणं काढून गेलो होतो. हँडलखालची आखूड नळी तिरक्या नळीला जिथे मिळते, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवायचं. रंगाला सुरकुती लागली, फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून आपटलेली आहे, निमूट घरी यायचं. सीटचा दांडा सैल करून हलतो का बघायचा. ॲल्युमिनियमचा दांडा स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन्ही धातू एकमेकांना असे धरतात की शेवटी करवत लागते. हँडलच्या दांड्याचंही तेच. रिम स्टीलच्या चकचकीत आहेत की ॲल्युमिनियमच्या? चकचकीत दिसल्या की हुरळू नये, पावसात त्यांच्यावर ब्रेक लागत नाहीत, आणि हॉलंडमध्ये पाऊस कधी नसतो? फ्रेमवरचा नंबर पोलिसांच्या साइटवर टाकून चोरीची तर नाही ना ते बघायचं. इथे फारच स्वस्तात घेतलेली सायकल चोरीची निघाली तर 'मला काय माहीत' हे उत्तर चालत नाही. भाव बघून तुम्हाला शंका यायला हवी होती, असं कायदाच म्हणतो.

आता रेनॉल्ड्स ५३१ ची भानगड. रेनॉल्ड्स ही नळ्या बनवणारी इंग्लिश कंपनी आणि ५३१ ही तिची १९३५ पासूनची प्रसिद्ध नळी. मँगनीज-मॉलिब्डेनमचं मजबूत स्टील असल्यामुळे नळी पातळ ठेवता येते. जोडाच्या टोकांना जरा जाड आणि मधे पातळ अशीही ती मिळायची. म्हणून सायकल हलकी, आणि चालवताना एक लवचीक, जिवंत फील येतो. हे खरंच आहे, नुसतं कौतुक नाही. पण स्टिकर पूर्ण वाचावा लागतो. कधी फक्त मुख्य तीन नळ्या ५३१ च्या असतात, कधी चिमट्यासकट सगळ्या. आणि स्टिकर काय, नवे छापूनही मिळतात. सहसा खरं बोलतो तो सीटचा दांडा. त्याच्यावर व्यास कोरलेला असतो. २७.२ मिलिमीटर असेल तर आतली नळी बहुतेक पातळ आणि चांगली. आकडा जितका कमी, तितकी भिंत जाड.

एवढं सगळं माहीत असलेल्या या शहाण्याने त्या गॅरेजात काय केलं? सीटचा दांडा हलवून बघितला, बाहेर काढला नाही. ५३१ चा स्टिकर कुठेच नव्हता, तर उन्हापावसाने गेला असेल अशी स्वतःची समजूत घातली. लाल-काळा-पिवळा रंग बघितल्यावर डोकं बंदच पडलं होतं. आजोबा बिचारे सरळ सांगत होते की मी हिच्यावरून शाळेत शिकवायला जायचो. रेसबिस काही म्हणाले नाहीत. ते ऐकायला मी शुद्धीवर कुठे होतो?

घरी येऊन दांडा उपसला. सव्वीस पॉइंट काहीतरी. म्हणजे टीमच्या रंगातली साधी सायकल. रॅले तेव्हा टीमचे रंग फासलेल्या सायकली साध्यापासून भारीपर्यंत सगळ्या भावांत विकत होती, हे मला नंतर कळलं. खऱ्या टीमच्या फ्रेम्स इल्कस्टन नावाच्या गावातल्या वेगळ्या छोट्या वर्कशॉपमध्ये हाताने बनायच्या. म्हणजे १९८० मध्येसुद्धा शाळामास्तरांना झूटेमेल्कचं स्वप्न स्टिकर लावून विकलं जात होतं. मला तेच सेकंडहँड मिळालं.

पुढची मजा अशी की पायडल मारताना दर फेऱ्याला 'कट्' आवाज. पायडलचा ॲक्सल ज्या दोन वाट्यांत फिरतो, त्या गेल्या असतील म्हणून नव्या मागवल्या, तर बसेनात! इंग्लिश सायकलींना इंचाला २४ आटे असतात, सगळ्या जगात तेच चालतात. पण रॅलेने नॉटिंगहॅमच्या कारखान्यातल्या बऱ्याच सायकलींना स्वतःचे वेगळे २६ आटे ठेवले होते. 'पूर्वी सगळं कसं सुटसुटीत होतं, कुठलाही पार्ट कुठेही बसायचा' म्हणणाऱ्यांना मला ही सायकल दाखवायची आहे. फ्रेंच सायकलींचे आटे वेगळे, इटालियन वेगळे, आणि रॅलेचे स्वतःच्या देशातच वेगळे. व्हेंडर लॉक-इन काही सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेलं नाही. असो.

सायकल दोन महिने बाल्कनीत पडून राहिली. मग मे महिन्यात आई-बाबा आले.

बाबांनी पहिल्या दिवशी तिच्याकडे लांबून बघितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "हिला कॅरिअर नाही?" नाही म्हटलं. "मडगार्ड?" नाही. "मग पावसात?" काय सांगणार! तिसऱ्या दिवशी मी मीटिंगमधून उठून आलो तर सायकल सीट-हँडलवर उलटी उभी, आणि बाबा मागचं चाक फिरवून एक डोळा बारीक करून बघतायत. म्हणाले, "थोडा आउट आहे. आणि टीआय म्हणजे मद्रासची ना ही?"

मी म्हटलं, नाही हो बाबा, इंग्लंडची. तर म्हणाले, "आपली हर्क्युलस टीआयचीच होती." मग शोधलं. दोघंही बरोबर होतो. टीआय म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स. याच इंग्लिश कंपनीने १९४९ मध्ये मुरुगप्पा ग्रुपबरोबर मद्रासला टीआय सायकल्स काढली, आणि पुढे १९६० मध्ये रॅलेही तिच्याच पंखाखाली आली. रेनॉल्ड्ससुद्धा तिचीच. म्हणजे एकाच घराण्याची एक सायकल झूटेमेल्कला घेऊन पॅरिसला पोचली आणि दुसरी बाबांना घेऊन रोज भोसरीला. जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर, १९८५ पासून २००१ पर्यंत. मला त्या हर्क्युलसची एवढीच आठवण आहे की दांडीवर माझ्यासाठी छोटी सीट होती आणि उन्हात ती तापायची. २००१ मध्ये सेकंडहँड चेतक आली, त्याच आठवड्यात हर्क्युलस भंगारवाल्याला गेली. आईने पेढे वाटले होते म्हणे.

मी त्यांना विचारलंच. बाबा, ती ठेवायला हवी होती असं वाटतं का? मनातल्या मनात मी तिला रंग देऊन, ओव्हरऑइलिंग करून, चकचकीत करून टाकलं होतं.

"कशाला?" ते म्हणाले. "सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बारा वाजता पावसात ती मारत यायचं. डायनॅमो भिजला की दिवा बंद. त्यात आठवायचं काय रे?"

यावर मला काही बोलता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही येत नाही. सायकलीचं प्रेम हे ज्याच्याकडे मासिक पास, कार लोन आणि वीकएंड असतो त्याला परवडतं, हे मला तत्त्वतः माहीत होतं. पण मी ज्या वस्तूसाठी ट्रेनने जाऊन १४० युरो मोजून आलो, ती टाकून देता येणं हा ज्याच्या आयुष्यातला आनंदाचा दिवस होता, असा माणूस समोर बसून माझ्याच सायकलची चेन बोटाने ताणून बघत होता. भिंतीवर टांगणाऱ्या कलीगला मी हसतो, पण मी तरी त्या हर्क्युलसचं डोक्यात दुसरं काय केलं होतं?

२६ आट्यांचं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वाट्या उघडून बघितल्यास का?" नव्हत्या बघितल्या. थेट नव्या मागवल्या होत्या. (कामावरही मी लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करतो, असं टीमलीडचं म्हणणं आहे.) उघडल्या. वाट्या ठणठणीत, ग्रीस वाळून खपली झालेलं आणि छर्रे झिजलेले. "वाट्या त्याच ठेव, नुसते छर्रे बदल. पाव इंची. पिंजऱ्यातले नको, सुटे टाक, एका बाजूला अकरा बसतात." एका बाजूला अकराच बसले. बावीस छर्रे आणि थोडं ग्रीस, एवढ्यात काम झालं. आवाज गेला.

टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, वायरी, चेन आणि हँडलची टेप धरून वर ९५ युरो लागले. एकूण २३५. हिशेबाने बघितलं तर चूकच. पण आता ऑफिसला मी हिच्यावरूनच जातो. सपाट रस्त्यावर, वारा पाठीमागून असेल तर ती अशी काही पळते की ५३१ काय आणि सव्वीस पॉइंट काय, सगळं विसरायला होतं. वारा समोरून असेल तर बाबांचं म्हणणं आठवतं. कात्रजच्या घाटात मात्र हे गिअर घेऊन मी जाणार नाही. पुढे ५२ आणि ४२ दात, मागे सगळ्यात मोठं चक्र २४ चं. गुडघे सेकंडहँड मिळत नाहीत.

जायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी ती एकदा चालवली. पायडलवर एक पाय, दुसऱ्याने दोन ढकलण्या आणि मग टांग मागून टाकून वर. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, उतरले, हाताने वळवली आणि परत आले. ब्रेक चांगले नाहीत, एवढंच म्हणाले.

दर रविवारी फोनवर एकच प्रश्न असतो. कॅरिअर बसवलं का? अजून नाही. रेसिंगच्या फ्रेमला कॅरिअरचे नट लावायला भोकंच नाहीत. पण गेल्या आठवड्यात हँडलला दुधाची पिशवी अडकवून येताना ती पुढच्या आऱ्यांत जाता जाता वाचली, तेव्हापासून मी रोज रात्री नळीवर पट्टीने आवळायच्या कॅरिअरच्या जाहिराती बघतोय. एक जुनं मिळतंय, १२ युरोंना. जाहिरातीत 'विंटेज' लिहिलेलं नाही.