तापी लाइनवरची लीग

आंतरविद्यापीठ फुटबॉलच्या पश्चिम विभागीय स्पर्धा आल्या, की जळगाव-धुळ्यात एक प्रश्न हमखास निघतो: आपलं विद्यापीठ कोल्हापूर, पुणे, गोव्याच्या पुढे कधी जाणार? प्रश्न रास्त आहे. फक्त तो एकट्या विद्यापीठाला विचारून भागत नाही.

कोल्हापूरचंच बघा. शिवाजी विद्यापीठ १९६२चं, तिथल्या फुटबॉलचं वेड त्याहून जुनं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा तिथे लोटतात. विद्यापीठाच्या निवड चाचणीला येणारं पोरगं या गर्दीसमोर आधीच तावून सुलाखून निघालेलं असतं. गोव्यात हेच काम गावोगावचे क्लब करतात.

आपलं बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९०चं. जळगाव, धुळे, नंदुरबार एवढाच त्याचा पसारा. आंतरमहाविद्यालयीन सामने बाद पद्धतीचे असले, की पहिल्याच दिवशी हरलेल्या कॉलेजचं वर्ष तिथेच संपतं. मग निवड, थोडा सराव आणि थेट वर्षभर खेळणाऱ्यांशी गाठ. ज्या जळगावातून देशभर ठिबक गेलं, तिथे हे वेगळं सांगायला नको: एकदाच पाट सोडून केळी पिकत नाही.

पोरांची मात्र वाण नाही. सातपुड्याच्या चढ-उतारावर वाढलेल्या पायांना नव्वद मिनिटांचं काय मोठंसं? शिवाय १५ सप्टेंबर २०१७ला ‘मिशन वन मिलियन’मध्ये राज्यभरच्या शाळांत फुटबॉल खेळला गेला. तेव्हा चौथी-पाचवीत असलेली मुलं आज कॉलेजच्या वयाची आहेत. त्या एका दिवसानंतर त्यांना नियमित सामने किती मिळाले?

म्हणून एक सुचवतो. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ ही सगळी गावं सुरत-भुसावळ या एकाच रेल्वेमार्गावर, म्हणजे तापी लाइनवर आहेत. धुळेकर एसटीनं अमळनेर गाठतील. प्रत्येक गावाचा एक संघ, दर रविवारी सामने, हरलं तरी पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात. विद्यापीठानं पंच द्यावेत आणि निवड समितीला या सामन्यांना बसवावं. दोन चेंडू आणि रेल्वेची तिकिटं, सुरुवातीला एवढा खर्च पुरे. यजमान गावानं फक्त त्या रविवारी मैदान लग्नाच्या मांडवाला देऊ नये.