फ्लेक्सवरून गळलेलं नाव

आमच्याकडं बँड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं वरात येते. लाल कोट, पितळी वाद्यं आणि घोड्यावरचा नवरदेव. त्यामुळं आम्ही पाच जण गाणी-बजावणी करतो असं सांगितलं की समोरचा विचारायचा, "म्हणजे ऑर्केस्ट्रा का?" आम्ही मान हलवायचो. खरं तर ऑर्केस्ट्राएवढा आमचा पसारा नव्हता. एक पेटी, एक ढोलकी, एक जुना कॅशिओ, एक ऑक्टोपॅड आणि एक गळा. पेटी माझी. गळा माझ्या लहानपणच्या दोस्ताचा, तोही आमच्याच मोहल्ल्यातला. ढोलकीवाला बुधवार पेठेतला, कॅशिओवाला पूर्व भागातला, त्याच्या घरी तेलुगू. ऑक्टोपॅडवाल्याच्या घरी कन्नड. तालमीला भांडण सुरू झालं की चार भाषांत व्हायचं आणि चहा आला की मराठीत मिटायचं. सोलापुरात यात नवल काही नाही.

तालीम कॅशिओवाल्याच्या काकांच्या कारखान्यात. आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असायचे, तेव्हाच तिथं एकमेकांचं ऐकू यायचं. चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही गाणी बसवली. जयंतीला भीमगीतं, गणपतीत अभंग आणि भावगीतं, उरुसात कव्वाली, हळदीला जे मागतील ते. एका सुपारीचे दोन-अडीच हजार मिळायचे. त्यातून टेम्पोचं भाडं वजा केलं की प्रत्येकाच्या हातात रात्रीच्या जेवणापुरतं उरायचं. अम्मी म्हणायची, "गाना गाको पेट भरता क्या रे?" नाही भरत. तरी सहा वर्षं आम्ही गात होतो.

आमचा तो गट मोडला, आणि तो माझ्यामुळं मोडला. हे आज लिहितोय याला एक निमित्त आहे. शाहीर अमर शेख यांच्यावर बोलायला मला एका छोट्या कार्यक्रमात बोलावलं होतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की आपण त्यांची गोष्ट नेहमी अर्धीच सांगतो.

अमर शेख आपल्या जिल्ह्यातले. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत जन्म. मूळ नाव महबूब हुसेन पटेल. गाण्याचं बाळकडू आई मुनेरबींकडून मिळालेलं. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीत राबले, संपात उतरले, तुरुंग पाहिला. पुढं पहाडी आवाजाचा हा माणूस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव गायला. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. हे सगळं आपल्याला पाठ आहे. मुस्लिमांनी मराठीला काय दिलं असं कुणी विचारलं, की आपण छाती पुढं काढून हे नाव सांगतो.

पण १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभं राहिलं, तेव्हा त्यात एक नाव नव्हतं, तीन होती. अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख. वाटेगावचा मातंग समाजातला लेखक आणि बार्शीचा मुसलमान गायक एकाच फडात उभे होते. गिरणगावातल्या चाळींच्या पटांगणात, कामगारांच्या सभांत, खेड्यांतल्या पारांवर त्यांनी कार्यक्रम केले. डफ, तुणतुणं, ढोलकी आणि झील धरणारे साथीदार. तमाशाला लोकनाट्याचं रूप आलं ते यांच्यासारख्यांच्या हातून. तेव्हाच्या मुंबई सरकारनं त्यांच्या तमाशांवर बंदीही घातली. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले आणि अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला. मध्ये सहाच आठवडे.

मराठी शाहिरीत ही रीत जुनी आहे. होनाजी बाळा हे एकाच माणसाचं नाव आहे असं पुष्कळांना वाटतं. होनाजी शिलारखाने कवनं रचायचा आणि त्याचा मित्र बाळा करंजकर ती गायचा. लोकांनी दोघांची नावं अशी जोडली की आज ती सुटी करता येत नाहीत. त्याच काळातला सगनभाऊ जन्मानं मुसलमान, धंद्यानं शिकलगार, आणि लावणीच्या इतिहासातलं मानाचं नाव. फडात कोण कुणाचा हे बघून साथ धरत नसत. ज्याचा आवाज चढेल त्यानं उचलायचं, बाकीच्यांनी झील धरायची.

आपण मात्र जयंती-पुण्यतिथीला एकट्या माणसाचा फोटो लावतो. त्यांचा अर्धा समाज मुस्लिम म्हणून आठवण काढतो, उरलेला अर्धा कम्युनिस्ट म्हणून. त्यांच्याबरोबर कोण उभं होतं हे हळूहळू पुसलं जातं. हे का वाईट, ते मला माझ्या अनुभवानं कळलं.

गणपतीचे दिवस होते. आमची एका मंडळाची सुपारी ठरली होती. तिथं आम्ही आधीही दोनदा गायलो होतो. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी मला फोन आला. हिशेब मी बघायचो म्हणून फोन मलाच यायचे. पलीकडचा माणूस वाईट नव्हता. उलट अवघडलेला होता. म्हणाला, "फ्लेक्सवर या वेळी तुमची दोघांची नावं टाकत नाही. वातावरण कसं आहे तुम्हाला माहीत आहे. कार्यक्रम तुमचाच, पैसेही ठरलेलेच. तेवढं समजून घ्या." मी म्हणालो, "हरकत नाही." फोन ठेवला आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

माझी तेव्हाची बाजू सांगतो. सुपारी हातची गेली असती तर चौघांचं नुकसान झालं असतं. सांगितलं असतं तर ढोलकीवाला भडकला असता आणि मंडळात जाऊन भांडला असता. आणि नाव तर फक्त गाळलं होतं, बदलायला कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय फ्लेक्सवर माझं नाव नेहमी कोपऱ्यात असायचं. ते गेल्याचं मला फार लागलं नाही. त्याचं नाव मधोमध, मोठ्या अक्षरांत असायचं. हा फरक मी विचारातच घेतला नाही.

टेम्पोतून उतरलो आणि सगळ्यांनी फ्लेक्स पाहिला. तीन नावं. ढोलकीवाला म्हणाला, "हे काय बे?" मी म्हणालो, "छापताना राहिलं असेल." माझा दोस्त हसला. त्या रात्री त्यानं दोन तास गायलं आणि शेवटच्या अभंगाला समोरच्या बायका टाळ्यांनी ताल धरून होत्या. कार्यक्रम संपल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थानं त्याचा हात हातात घेऊन विचारलं, "बाळा, नाव काय तुझं?" तो म्हणाला, "फ्लेक्सवर आहे ना, काका."

पुढच्या तालमीला तो आला नाही. नंतरही आला नाही. गळाच नाही म्हटल्यावर बाकीचे तरी किती दिवस येणार?

बरीच वर्षं मी हा दोष वातावरणाला दिला. वातावरणाचा दोष आहेच, तो मी माफ करत नाही. नाव झाकून आवाज वापरणं हा अपमानच आहे. गाणं चालतं, गाणाऱ्याचं नाव चालत नाही, असं म्हणणारा समाज कलाकाराला भाड्यानं घेतो, आपलं मानत नाही. पण मंडळानं माझ्याशी जे केलं त्याहून मोठी गोष्ट मी माझ्या दोस्तांशी केली. पाच जणांनी मिळून घ्यायचा निर्णय मी एकट्यानं, एका फोनवर, अर्ध्या मिनिटात घेतला.

दबाव कधी पाच जणांपुढं येऊन बोलत नाही. तो एकाला बाजूला घेतो, खांद्यावर हात ठेवतो आणि हळू आवाजात बोलतो. आमच्याच बिरादरीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानंही मला असंच बाजूला घेतलं होतं. "उरुसात गाता ते ठीक, पण मंडपात जाऊन अभंग कशाला?" संगीताबद्दल आपल्याकडं मतभेद आहेत, ते मी हलके मानत नाही. एका बाजूला दफपलीकडं वाद्य नको म्हणणारे आहेत, दुसऱ्या बाजूला चिश्ती खानकाहांतली समाची शतकांची परंपरा आहे. ज्याला गाणं वर्ज्य वाटतं त्यानं गाऊ नये. पण त्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप वाद्याला नव्हता, शेजारी कोण बसतं याला होता. मंडळाच्या माणसाचाही तोच होता. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नसेल, पण दोघांना एकच गोष्ट खुपत होती: पाच जणांनी एकत्र बसणं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. मराठी मुस्लिमांच्या सांस्कृतिक जागेबद्दल आपण खूप लिहितो, बोलतो. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली याच सोलापुरात झालं, याचा मला अभिमान आहे. पण संमेलनाला वक्ता एकटा जातो आणि बोलून एकटा परत येतो. गावातल्या मित्रांच्या एखाद्या गाण्याच्या गटात मात्र मुसलमान पोरगा दर आठवड्याला चार वेगळ्या घरांतल्या पोरांच्या तालाशी ताल जुळवतो. चुकला तर शिव्या खातो, दुसरा चुकला तर देतो. मराठीपण सिद्ध करण्याची गरजच तिथं उरत नाही. अशा गटांची संख्या घटतेय, हे मला आपल्यावरच्या एखाद्या वाईट अग्रलेखापेक्षा जास्त चिंतेचं वाटतं.

घटण्याला नुसतं राजकारण कारण नाही. डीजेच्या भिंतींपुढं पेटी कोण ऐकणार? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम सगळ्यांना सारखाच आहे. पण संध्याकाळचे मोलाचे तीन तास भिंतीला मिळतात आणि जिवंत गळ्याला उरलेली पंधरा मिनिटं. यात आपली लग्नंही मागं नाहीत. वलीमाच्या जेवणावर लाखांनी खर्च करणारे आपण, गावातल्या चार पोरांना तीन हजार देताना घासाघीस करतो.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते अवघड नाही. आपले शादीखाने आठवड्यातले बरेच दिवस रिकामे असतात. तिथं पोरांना तालमीला दोन तास द्या, सगळ्या पोरांना, फक्त आपल्या नव्हे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, उरुसाला, ईद मिलनाला बाहेरून महागडा कलाकार आणण्याआधी गावातला गट बोलवा आणि सांगितलेले पैसे त्याच रात्री हातात द्या. जे गात असतील त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम करावा: नावं छापायची तर सगळ्यांची, नाहीतर एकाचंही नाही. कुणाचाही फोन आला तरी उत्तर एकच, "विचारून सांगतो." हे दोन शब्द मला तेव्हा सुचले असते तर कदाचित ती सुपारी गेली असती. पण पुढच्या सुट्टीला आम्ही पाचही जण त्या गठ्ठ्यांवर बसून मंडळाला शिव्या देत असतो.

अमर शेखांवरचा कार्यक्रम संपवून त्याच रात्री मी दोस्ताच्या गॅरेजवर गेलो. इतक्या वर्षांत आम्ही चहा शेकडो वेळा प्यालो, पण हा विषय कधी काढला नव्हता. त्या फोनचं सगळं सांगितलं. तो हात पुसत ऐकत होता.

"मला माहीत होतं बे," तो म्हणाला. "तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मी म्हणालो, बाकीच्या तिघांना पण सांगणार आहे. पुढच्या जयंतीला एकदा पाच जण बसू या. तो हो म्हणाला नाही. माझ्या पेटीचा भाता फाटला होता, तो दुरुस्त केलाय का, एवढंच त्यानं विचारलं.