आमची पदयात्रा आणि इन्सुलिनचा प्रश्न

स्मरणिका म्हटली की संस्थेचा गौरव, निकालांचे तक्ते आणि देणगीदारांची नामावली अपेक्षित असते. ती या अंकात अन्यत्र आहेच. संपादक मंडळाने आम्हांस मात्र येत्या 14 नोव्हेंबरच्या पदयात्रेविषयी चार शब्द लिहिण्यास सांगितले, आणि ते लिहिताना आम्हांस प्रथम आमचीच एक चूक सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गातील एक मुलगा तासागणिक पाणी पिण्यास आणि लघवीस जाऊ लागला. आम्ही त्यास दोनदा दटावले. वसतिगृहात त्याचे अंथरूण ओले होऊ लागले, तेव्हा मुले हसली आणि अधीक्षकांनी त्याला वेगळ्या कोपऱ्यात झोपावयास लावले. तो वाळत चालला होता. घरची आठवण येत असेल, असे आम्ही गृहीत धरले. एका सकाळी त्यास उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोराने चालू लागला, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो शुद्धीवर नव्हता. तेथे त्याच्या रक्तातील साखर तपासली गेली. मूल वाचले. परंतु तहान, वारंवार लघवी, पुन्हा सुरू झालेले अंथरूण ओले करणे आणि घटते वजन ही चारही लक्षणे आमच्या डोळ्यांसमोर तीन आठवडे उभी होती. इतिहासाचा अभ्यासक म्हणवणाऱ्या माणसाने पुरावा डोळ्यांसमोर असून वाचला नाही, याची टोचणी अजूनही जात नाही.

त्या प्रसंगानंतर आम्हांस साताऱ्याच्या शाळेतील लहानगा भीमराव वारंवार आठवत राहिला. त्याला नळास स्पर्श करण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तरच पाणी, आणि शिपाई नसेल त्या दिवशी घसा कोरडा. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आमच्या वर्गात जातीचा प्रश्न नव्हता, हे खरे. तरीही तहानलेल्या मुलाला पाण्यापासून अडवणारे आम्ही होतो आणि तेही शिस्तीच्या नावाखाली, हे आम्ही विसरू इच्छित नाही.

मुलांमध्ये प्रामुख्याने आढळणारा मधुमेह हा प्रकार एकचा असतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींनाच शत्रू समजून नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, आईच्या हयगयीने होत नाही, मागील जन्मीच्या कर्माने तर नाहीच नाही. आपल्या भागात अशा वेळी कौल लावणे, गाऱ्हाणे घालणे, अंगारा आणणे हे आजही चालते, आणि धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांतही शेजाऱ्याच्या आग्रहास बळी पडून ते होते, हे आम्ही पाहिले आहे. कोणी कारल्याचा रस देतो, कोणी मेथी. हे प्यायचे असेल तर प्यावे. पण त्यापायी इन्सुलिन बंद केले, तर प्रकार एकच्या मुलाच्या जिवाला थोड्याच दिवसांत धोका होतो. या एका वाक्यासाठी जरी पदयात्रा निघाली, तरी ती सार्थकी लागेल.

इन्सुलिनचा इतिहास फार जुना नाही. 1921 मध्ये कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयोगांतून ते हाती आले आणि 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली मात्रा टोचण्यात आली. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणे, एवढाच उपचार होता. लिओनार्ड पुढे तेरा वर्षे जगला. संशोधकांनी शोधाचे स्वामित्व टोरांटो विद्यापीठास नाममात्र एकेक डॉलरला देऊन टाकले. औषध कोणाच्या मक्तेदारीत अडकू नये, हा त्यामागचा हेतू होता. शंभर वर्षे लोटली. आज ते मिळते, परंतु ज्याच्या खिशात पैसा आहे त्यास सुखाने, आणि ज्याच्या नाही त्यास कधी आहे, कधी संपले, अशा रीतीने. 14 नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिन. म्हणूनच जागतिक मधुमेह दिन त्या दिवशी पाळतात. आपल्याकडे तोच बालदिन, हा योगायोग आमच्या सोयीचा ठरला.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपल्या समाजात ती फार थोड्यांच्या ध्यानी असते. बाबासाहेब मधुमेही होते. संविधानाचा मसुदा सिद्ध होत होता त्या काळात त्यांना इन्सुलिन आणि पथ्य यांची नित्य गरज होती. 15 एप्रिल 1948 रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्यामागे प्रकृतीची देखभाल करणारे जाणते माणूस जवळ असावे, हेही एक कारण होते. माईसाहेबांनी ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ या आपल्या ग्रंथात त्या आजारपणाविषयी सविस्तर लिहिले आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडणारा पुरुष हा दररोज इन्सुलिनवर विसंबून असलेला पुरुष होता. आम्ही जयंतीला त्यांचा निळा कोट, ग्रंथ आणि उगारलेले बोट दाखवतो; सुई दाखवत नाही. आमच्या त्या सहावीतल्या मुलाला हे आम्ही सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग विचारता झाला, “गुरुजी, त्यांना पण दुखायचं?”

आता पदयात्रेविषयी. कल्पना मुंबईस्थित माजी विद्यार्थ्यांची. त्यांनी पाठवलेल्या पत्रकावर ‘चॅरिटी वॉक’ असे शब्द होते. त्या शब्दांवर शिक्षकांच्या बैठकीत बराच खल झाला आणि आम्ही त्यांना विरोध केला, तो केवळ इंग्रजीचा म्हणून नव्हे. आपल्या चळवळीला चालण्याचा इतिहास आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडात चवदार तळ्याकडे आपली माणसे चालत गेली ती पाण्याची भीक मागण्यास गेली नव्हती. 2 मार्च 1930 रोजी नाशिकात काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी चालली. 1979 मध्ये नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. आमच्या शिरोड्यासही चालणे परके नाही. मे 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी सत्याग्रही याच वाटांनी मिठागरांकडे गेले. गावकऱ्यांना त्या सत्याग्रहाचा अभिमान आहे, आम्हांसही आहे. मात्र त्याच वर्षी काळारामाच्या दाराशी काय चालले होते, तेही आम्ही वर्गात त्याच तासाला शिकवतो.

तेव्हा दयेचा शब्द आम्हांस रुचत नाही. पण केवळ हक्काची घोषणा देऊन थांबणेही आम्हांस मान्य नाही, आणि येथे आमचे काही तरुण सहकारी आमच्यावर रागावले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, इन्सुलिन पुरवणे शासनाचे काम. वर्गणी गोळा केली की शासन हात झटकते. यात तथ्य आहे. परंतु मुलाला उद्या सकाळी सातला टोचायचे आहे. शासनाकडे निवेदन जाईल, स्मरणपत्र जाईल, तोवर कुपी रिकामी झालेली असते. दान आपल्या परंपरेत पहिली पारमिता आहे. आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घालणाऱ्या बुद्धाची कथा आपण मुलांना सांगतो. दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात, आणि केली पाहिजेत. पदयात्रेचा एक हात निधीचा आणि दुसरा निवेदनाचा राहील: जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांत मुलांसाठी इन्सुलिन, सुया आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या खंड न पडता मिळाव्यात, एवढीच त्यात मागणी आहे.

पट्ट्यांचा उल्लेख मुद्दाम केला. लोकांना इन्सुलिनचा खर्च कळतो, पट्ट्यांचा कळत नाही. दिवसाला चार टोचण्या धरल्या तर वर्षाला 1460 होतात, आणि चार वेळा साखर तपासायची तर पट्ट्याही तितक्याच. काजूच्या बागेत, मिठागरात वा रापणीवर राबणाऱ्या माणसाच्या घरात पहिली काटछाट पट्ट्यांवर होते. मग मात्रा अंदाजाने दिली जाते. अंदाज चुकला की साखर एकदम खाली येते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, मूल बरळू लागते. अशा वेळी तीन चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. हे स्वयंपाकघरातील मावशींपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना ठाऊक असले पाहिजे. आमच्याकडे आता आहे. इन्सुलिनसाठी कार्यालयात छोटा फ्रीज आहे. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते तेव्हा मडक्याभोवती ओली वाळू ठेवून काम भागवतो. सकाळच्या पेजेची आणि रात्रीच्या जेवणाची वेळ पाळणे, हे त्याहून कठीण गेले. वंदना लांबली, पाहुण्यांचे भाषण लांबले, तरी त्या मुलाचे ताट थांबत नाही, असा नियम करावा लागला. पाहुण्यांपैकी एक-दोघे नाराज झाले, तो भाग वेगळा.

महाराष्ट्रात या कामाच्या वाटा इतरांनी पाडून ठेवल्या आहेत. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी उभारलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतील मधुमेही मुलांना वर्षानुवर्षे इन्सुलिन पुरवले. औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था मराठवाड्यातील अशा मुलांसाठी झटते. आमच्या किनारपट्टीला असे जवळचे ठिकाण हवे आहे. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. पण गंभीर प्रसंगी येथील माणूस तेरेखोल ओलांडून बांबोळी गाठतो. 2018 मध्ये गोव्याबाहेरील रुग्णांना तेथे शुल्क लागू झाले, तेव्हा दुसऱ्याच्या दारावर किती विसंबावे, हा प्रश्न सिंधुदुर्गातील प्रत्येक घराने स्वतःस विचारला होता.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि त्यावर संस्थेच्या सभासदांनी मत द्यावे अशी विनंती आहे. मधुमेही मुलास निवासी शाळेत ठेवावे काय? गेल्या जूनमध्ये एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. दोन वसतिगृहांनी जबाबदारी नको म्हणून तिला परत पाठवले होते. आपल्याही कार्यकारिणीत असा सूर निघाला. आमचे मत स्पष्ट आहे: ठेवावे. घरी ठेवले तर मुलगी शाळा सोडणार आणि मुलगी असल्याने औषधही मागे पडणार, हे आम्ही पाहत आलो आहोत. सीबीएसईने 2017 मध्येच अशा परीक्षार्थींना खाद्यपदार्थ सोबत नेण्याची परवानगी दिली. 2023 मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने शाळांनी या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, असे राज्यांना कळवले. शिक्षणाच्या दारातून कोणालाही परत पाठवायचे नाही, म्हणूनच तर ही संस्था निघाली. ती मुलगी सध्या आपल्याकडे सातवीत आहे आणि स्वतःची सुई स्वतः घेते.

पदयात्रेत मधुमेही मुलांना फलक घेऊन पुढे चालवावे, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत द्यावीत, म्हणजे निधी वाढेल, अशी सूचना आली होती. ती आम्ही नाकारली. मुलीच्या आजाराची बातमी उद्या तिच्या लग्नाच्या बैठकीत बाहेर काढली जाते. हे चूक आहे, तरीही आजचे वास्तव आहे. ज्यास सांगायचे आहे तो सांगेल. धनादेश देतानाचे छायाचित्र, हार, शाल-श्रीफळ यांसही फाटा दिला आहे. कोणी किती दिले आणि त्यातून किती पट्ट्या आल्या, याचा हिशेब सूचनाफलकावर दर तीन महिन्यांनी लागेल.

सकाळी साडेसहाला शाळेच्या प्रांगणातून निघायचे, बाजारपेठेतून मिठागरांपर्यंत जायचे आणि वेळागरच्या किनाऱ्यावर थांबायचे, असा बेत आहे. पेज घेतल्याशिवाय कोणत्याही मुलाने निघू नये; चालल्याने साखर उतरते, म्हणून प्रत्येक तुकडीसोबत ग्लुकोजची पुडी आणि तपासणीचे यंत्र राहील. परिचारिका वा डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी सहापूर्वी यावे, ही विशेष विनंती. तो सहावीतला मुलगा आता दहावीत आहे. त्यास पुढच्या रांगेत चालण्याविषयी विचारले, तर म्हणाला, “मी यंत्र आणि पट्ट्या घेऊन शेवटच्या तुकडीबरोबर चालतो. मागे राहिलेल्याकडे कोणाचं लक्ष नसतं.” त्याची नेमणूक तशीच केली आहे.