महापौर गेले, हिशेब कोणी द्यावयाचा?

वाचकहो, अधिकारपदावरून उतरणाऱ्या माणसास हार घालून निरोप देण्याची आपल्याकडे रीत आहे. हिशेब मागण्याची रीत मात्र नाही. पालघर जिल्ह्यात महानगरपालिका एकच, ती वसई-विरारची. 3 जुलै 2009 रोजी ती स्थापन झाली. जून 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हाचे महापौर श्री. प्रवीण शेट्टी पायउतार झाले. त्यानंतर साडेपाच वर्षे ह्या शहरास महापौरच नव्हता. 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले आणि लोकांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. नव्या माणसांच्या गळ्यातील हार सुकण्यापूर्वी जुन्या कारभाराची झडती घेणे आम्हास अगत्याचे वाटते.

पालघर वा बोईसरच्या वाचकाने, ‘वसई-विरारच्या महापौराशी आम्हास काय कर्तव्य?’ असे म्हणू नये. सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण आपल्याच आदिवासी मुलखात आहे. त्याचे पाणी मुळात येथल्या शेतीसाठी होते. पुढे सूर्या प्रादेशिक योजना आखली गेली, ती दररोज 403 दशलक्ष लिटरांची. त्यांतील 185 वसई-विरारकरिता आणि 218 मीरा-भाईंदरकरिता. ज्या शहराच्या नळाला आपल्या पाड्यांलगतचे पाणी जाते, त्या शहराचा कारभार कसा चालतो हे विचारण्याचा आपणास पुरता अधिकार आहे.

प्रथम न्यायाची गोष्ट. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाने कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती ठेवली आहे. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवितो. त्याच्या आज्ञेने ना इमारत पडते, ना गटार बांधले जाते. म्हणून शहरातील प्रत्येक खड्डा महापौराच्या नावे मांडणे अन्यायाचे होईल. परंतु जे त्याच्या हाती नाही त्याचा जाब विचारू नये, हे मान्य केले की जे त्याच्या हाती आहे त्याचा जाब अधिकच कठोरपणे विचारला पाहिजे. त्याच्या हाती सभागृह आहे. कोणता प्रश्न चर्चेस घ्यावयाचा, आयुक्तास कशाचे उत्तर द्यावयास लावावयाचे, मंजूर ठरावाचे पुढे काय झाले हे कितीदा विचारावयाचे, ह्या गोष्टी त्याच्या हाती आहेत.

हे साधन वसई-विरारच्या महापौरांस दुबळे लाभले होते काय? मुळीच नाही. 2015 च्या निवडणुकीत 115 पैकी शंभराहून अधिक जागा एकट्या बहुजन विकास आघाडीने जिंकल्या. विरोधी बाकांवर मूठभर माणसे उरली. एवढे बहुमत असता अडचण सांगण्यास जागा राहत नाही. उलट, एवढ्या बहुमतात प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही, हाच त्यातील धोका. त्यात भर अशी की कायद्याने महापौराची मुदत अडीच वर्षांची; आणि पहिल्या दहा वर्षांत येथे पाच महापौर झाले. श्री. शेट्टींच्या वाट्यास तर पुरते एक वर्षही आले नाही. खुर्ची बदलत राहिली, पक्ष तोच राहिला, आणि जबाबदारी कोणा एकाच्या अंगास लागली नाही.

ह्याचे फळ काय? नालासोपारा पूर्वेस सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी ह्यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून 2025 च्या आरंभापर्यंत त्या पाडण्यात आल्या. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून खोली घेतली ती कष्टकरी कुटुंबे रस्त्यावर आली. इमारत ही एका रात्रीत उगवत नाही. 41 इमारती चढत असता आरक्षित भूखंडांची यादी सभागृहापुढे ठेवा, असे सांगावयास कोणत्याही महापौरास आयुक्ताची परवानगी लागत नव्हती. जुलै 2018 च्या पुरात नालासोपाऱ्याची रेल्वे थांबली आणि वसईच्या मिठागरातील माणसे पाण्याने वेढली गेली. पाण्याच्या वाटा कोणी अडविल्या, हा प्रश्नही त्याच यादीतला.

दुसरी गोष्ट आपल्या काळजास अधिक झोंबणारी आहे. मे 2019 मध्ये नालासोपाऱ्यात मैल्याच्या टाकीत उतरलेले 3 कामगार गुदमरून मेले. तेव्हा सभागृह होते, महापौर होता. एप्रिल 2024 मध्ये विरार पश्चिमेच्या एका गृहसंकुलातील सांडपाणी प्रक्रिया केंद्रात 4 कामगार तसेच मेले. तेव्हा प्रशासक होता. संरक्षक साधनांवाचून माणसास अशा टाकीत उतरविण्यास 2013 च्या कायद्याने मनाई आहे आणि सफाईसाठी यंत्रे वापरण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवर टाकले आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख रुपये ठरविली, 2023 मध्ये ती 30 लाखांवर नेली. रक्कम वाढली, टाकीत उतरणारा माणूस मात्र बहुधा त्याच वस्तीतला, त्याच जातीतला राहिला.

ह्यावरून कित्येक सुशिक्षित म्हणतात, ‘नगरसेवक नकोत, महापौर नको, प्रशासकच बरा.’ हे मत आम्हास घातक वाटते. राज्यघटनेच्या 243-न अनुच्छेदाने अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया ह्यांस शहराच्या सभागृहात जागा राखून दिल्या. सभागृहच नसेल तर राखीव जागा कोठे राहिली? प्रशासकाच्या दालनात आरक्षण नसते. साडेपाच वर्षे आपला हक्क कोणी रद्द केला नाही. तो केवळ निजविला गेला. 243-प अनुच्छेद सांगतो की मुदत पाच वर्षांची, आणि ती सरण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. किशनसिंह तोमर ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हेच बजावले. तरीही आधी साथ, मग आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद, अशी कारणे पुढे होत गेली; शेवटी 6 मे 2025 रोजी त्याच न्यायालयास निवडणुकांचा आदेश द्यावा लागला.

नगराच्या नेतृत्वाचे मोल कशावर करावयाचे, हे महाडने आपणास शिकविले आहे. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावर पडून राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतले तेव्हा त्या ठरावास अर्थ आला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो मागे घेतला! पालिकेच्या सत्तेत भल्याबुऱ्या दोन्ही शक्यता असतात, आणि ठराव व अंमल ह्यांमधील अंतर हेच तिचे खरे माप होय.

त्या मापाने मोजता वसई-विरारच्या सरलेल्या महापौरांच्या पदरी मोठे बहुमत पडते, पण त्या बहुमतास साजेसा जाब पडत नाही. आमचा निवाडा एवढाच आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. पालघर नगरपरिषदेचीही निवडणूक लांबून डिसेंबर 2025 मध्ये झाली. तेथील नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला असतो. त्यास ‘माझ्या हाती काही नाही’ असे म्हणण्यास वाव कमी. बोईसरची स्थिती तर न्यारी. शेजारी तारापूरची प्रचंड औद्योगिक वसाहत, हजारो कामगारांच्या चाळी, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. कारखान्यांच्या क्षेत्राचे नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडे. येथे जाब विचारावा तर कोणास, हेच कामगारास उमगत नाही.

म्हणून वाचकहो, पद सोडणाऱ्या प्रत्येक महापौराने व नगराध्यक्षाने शेवटच्या सभेत तीन गोष्टींचा लेखी हिशेब ठेवावा, असा आग्रह आपण धरू या. राखीव भूखंडांपैकी किती शाबूत आहेत? सफाई कामगारांसाठी कोणती यंत्रे घेतली आणि किती माणसे गमावली? दलित व आदिवासी वस्त्यांत किती घरांस नळ पोहोचला? हा हिशेब न देता जो जाईल त्याच्या निरोपसमारंभास आपण हार घेऊन जाऊ नये. प्रश्न घेऊन जावे.