पानावरचा राग

घरांत कोणाचें पोट बिघडलें कीं आपण प्रथम स्वयंपाकाची झडती घेतों. आमटी तिखट झाली होती काय, वाल नीट शिजले होते काय, ताक फार आंबट होतें काय, असे प्रश्न निघतात. पानावर बसतांना त्या माणसाच्या मनाची स्थिति कशी होती, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक पचनाच्या शास्त्रांत या प्रश्नाला मोठें महत्त्व आहे. आणि तें उघडकीस आलें तें एका अपघातामुळें.

सन १८२२ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुण नोकराला बंदुकीचा बार अगदीं जवळून चुकून लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमंट यांनीं त्याचा जीव वांचविला. परंतु जखम पुरती न मिटतां तेथें जठरांत जाणारें एक भोंक कायमचें राहिलें. त्यांतून बोमंट रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आंत सोडीत व ठराविक वेळानें बाहेर काढून पाहत. जठररस बाटलींत काढून अंगाइतका ऊन ठेवला तरी त्यांत मांस विरघळतें, हेंही त्यांनीं दाखविलें. याच निरीक्षणांत त्यांना आढळलें कीं, मनुष्य रागावला किंवा घाबरला असतां जठराच्या अस्तराचा रंग पालटे, कधीं तें कोरडें पडे, आणि पचनास विलंब लागे. १८३३ सालीं त्यांनीं हे प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. सेंट मार्टिन मध्यंतरीं एकदां डॉक्टरांस न विचारतां आपल्या मुलखास निघून गेला होता. तेव्हां त्याच्या रागाचें कारण शोधावयास फार दूर जावयास नको!

पुढें रशियांतील इव्हान पावलॉव्ह यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून सिद्ध केलें कीं, अन्न जठरांत पोंचण्यापूर्वींच जठररस पाझरूं लागतो. मेंदूकडून तशी आज्ञा मज्जातंतूंवाटे खालीं जाते. पचनाविषयींच्या या कार्याबद्दल त्यांना १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां घासाचा प्रवास पाहूं. तोंडांत दांत त्याचें पीठ करतात, आणि लाळ पिष्टाची साखर करण्यास आरंभ करते. म्हणूनच भाकरी पुष्कळ चावली कीं गोड लागते. जठरांत तीव्र आम्ल व पेप्सिन नांवाचें पाचक द्रव्य डाळींतील व दुधांतील प्रथिनें फोडूं लागतात. तेथून अन्न हळूहळू सुमारें ६ मीटर लांबीच्या लहान आंतड्यांत उतरतें. तेथें यकृताचें पित्त व स्वादुपिंडाचा रस त्यांत मिसळतो, तुपाचे कण बारीक होतात, आणि तयार झालेलें सत्त्व मखमलीसारख्या अस्तरांतून शोषलें जातें. उरलेल्या चोथ्यांतील पाणी मोठें आंतडें ओढून घेतें. क्रोध किंवा भीति उसळली, कीं शरीर लढण्याच्या वा पळण्याच्या तयारीस लागतें. रक्त स्नायूंकडे वळतें आणि या सर्व कारखान्याचें काम मंदावतें.

आतां आपली पंगत आठवावी. मुलाच्या परीक्षेचे गुण निघतात ते नेमके जेवतांना. मीठ कमी पडल्याचा उल्लेख सुनेचें पान वाढून होण्यापूर्वींच होतो. आणि ती बिचारी सर्वांमागून, निवलेल्या आमटीशीं, पुढच्या कामाकडे लक्ष ठेवून चार घास घाईनें गिळते. तिला वरचेवर अपचन होऊं लागलें, कीं आपण त्याला ‘नाजूक प्रकृति’ असें नांव देऊन मोकळे होतों!

प्रत्येक पोटदुखीचें मूळ मनांतच असतें असें नव्हे. दुखणें वारंवार उठत असेल, वजन घटत असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवावें. परंतु निरोगी माणसाच्या पचनासाठीं घरानें दोन नियम तरी पाळावे. गुण, हिशेब आणि उणीं-दुणीं पानावर काढूं नयेत. आणि वाढणारणीला कोणीतरी ऊन ऊन वाढावें, व तिचें जेवण होईपर्यंत तिच्यापाशीं बसावें. आपोशन घेऊन, चित्राहुति घालून मगच पहिला घास घेण्याची चाल धर्मबुद्धीनें पडली असेल. तीमुळें जेवणापूर्वीं क्षणभर स्वस्थता लाभते, हा लाभ मात्र रोकडा आहे. तो घरांतील प्रत्येक पानापर्यंत पोंचला पाहिजे.