कपडेपटातली कोल्हापूरकरीण

बालगंधर्वांचे नाटक पाहून आलेल्या स्त्रिया त्यांच्या शालूंविषयी बोलत. सिनेमा पाहून आलेल्या नटीच्या साडीविषयी बोलतात. ती साडी कुणी योजली, हे सहसा कुणी विचारीत नाही. वेशभूषाकाराचे नाव पडद्यावर झळकते, तेव्हा आपण अंधारात खुर्ची तरी चाचपत असतो, नाहीतर चप्पल तरी!

अशा या उपेक्षित खात्यात ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती झाली, आणि तीही आमच्या कोल्हापूरची. भानू अथय्या, माहेरच्या राजोपाध्ये. जन्म १९२९. वडील चित्रकार, मुलगीही जे. जे. कलाशाळेत शिकली. 'सी. आय. डी.' (१९५६) पासून हिंदी चित्रपटांना त्यांचा हात लागला. 'आम्रपाली' (१९६६) साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. 'ब्रह्मचारी' (१९६८) मधील मुमताजची ती नारिंगी साडी तर चेन लावून शिवलेलीच होती; नाचताना निऱ्या सुटायची धास्ती नाही. या साडीचे अनुकरण किती झाले, ते आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनाच विचारावे.

पण त्यांचे खरे कसब 'गांधी'त (१९८२). ज्याच्या अंगावरचे कपडे उत्तरोत्तर कमीच होत जातात, अशा नायकाची वेशभूषा ती काय करायची, असे कुणाला वाटेल. वास्तविक त्या कमी होण्यातच सारे चरित्र आहे. १८९३ साली आगगाडीतून उतरवला गेलेला सुटाबुटातला बॅरिस्टर, १९१५ साली मुंबईच्या धक्क्यावर उतरलेला काठेवाडी वेषातला प्रवासी, आणि १९२१ साली मदुरेत पंचा नेसलेला महात्मा. प्रत्येक पायरीवर कापड बदलते आणि माणूसही. शिवाय अवतीभवतीचे वकील, संस्थानिक, शेतकरी, सत्याग्रही: ज्याचा त्याचा प्रांत आणि पत त्याच्या पागोट्यावरून ओळखू आली पाहिजे.

हे ओळखू येणे फार अवघड. मी राहतो त्या नेसरीच्या खिंडीत (गावाच्या नावाचा नेसण्याशी काही संबंध नसावा!) २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. ऐतिहासिक चित्रपटांतले स्वार पाहिले, की मला ते सात जण आठवतात. पडद्यावरचा मावळा चार दिवस घोडा पिटाळतो, पण त्याचा अंगरखा आजच दुकानातून आणल्यासारखा करकरीत! बगलेत घाम नाही, गुडघ्यावर माती नाही, जरीची किनार मात्र लखलखते आहे. अशा स्वाराच्या मरणाने डोळ्यांत पाणी यायचे कसे? जाणकार वेशभूषाकार नवे कापड धुऊन धुऊन, चहाच्या पाण्यात बुडवून जुने करतो, कोपरे झिजवतो. प्रेक्षकाला ते मुळीच जाणवत नाही, आणि त्याला तेच हवे असते.

१९८३ साली मिळालेला तो सन्मान भानूताईंनी जॉन मोलो यांच्याबरोबर वाटून घेतला. २०१२ साली, आपल्या पश्चात तो पुतळा नीट जपला जावा म्हणून, त्यांनी तो अमेरिकेतील अकॅडमीकडे परत पाठवला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या मुंबईत निवर्तल्या.